वरचा आवाज सोडा, खालचा धरा : जुनं इंग्रजी बहुस्वरी संगीत कसं ऐकावं

रागसंगीत, नाट्यगीत, भावगीत ऐकून तयार झालेला कान टॅलिस, बर्ड किंवा पर्सेल या जुन्या इंग्रज रचनाकारांना पहिल्यांदा ऐकतो, तेव्हा बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट होते. एक तर तो सगळ्यात वरचा आवाज पकडतो आणि बाकीच्यांना साथ समजतो. नाहीतर ‘चर्चमधलं काहीतरी गोड, पण सगळं एकसारखं’ म्हणून दहा मिनिटांत बंद करतो. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. इथे मुख्य गायक आणि साथीदार असा प्रकारच नाही. चार आवाज असतील तर चारही गायकच, आणि प्रत्येकाची चाल स्वतंत्र. या चाली एकमेकींशी कशा वागतात ते काउंटरपॉइंट. आणि वाहत्या चालींना मध्येच एका क्षणी थांबवलं तर त्या क्षणी जे स्वर एकत्र सापडतील ती हार्मनी.

पंधराव्या-सोळाव्या शतकातले इंग्रज रचनाकार आधी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, ठरवून त्यावर चाल बसवत नसत. चाली विणत जायचे, आणि त्यांच्या भेटीतून हार्मनी तयार व्हायची. ऐकतानाही क्रम तोच ठेवा: आधी ओळ, मग भेट. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. एका पायरीला एक आठवडा, रोज वीस मिनिटं, एवढं पुरतं. रचना लहान निवडल्या आहेत, कारण हे संगीत एकदा लांबलचक ऐकून समजत नाही. दोन मिनिटांची एकच गोष्ट दहा वेळा ऐकून समजतं.

काय लागेल

- दोन्ही कानांचे बरे हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर बेसचा, म्हणजे सगळ्यात खालचा, आवाज जवळजवळ गायब होतो, आणि इथे अर्धी मजा तळाशी आहे.
- छापील स्वरलिपी. आयएमएसएलपी आणि सीपीडीएल या दोन संकेतस्थळांवर इथे आलेल्या बहुतेक रचना फुकट मिळतात. स्टाफ नोटेशन वाचता येत नसेल तरी उतरवून घ्या. ठिपके वर चाललेत की खाली आणि कुठला आवाज कधी सुरू होतो, एवढंच बघायचं आहे.
- गाण्याचे शब्द आणि त्यांचा अर्थ, वेगळ्या कागदावर. चार आवाज तेच शब्द चार वेगवेगळ्या वेळी म्हणतात, त्यामुळे नुसतं ऐकून शब्द लागत नाहीत.
- पेन्सिल.
- हार्मोनियम. नसेल तर फोनवरचं कीबोर्डचं अ‍ॅप, पण हार्मोनियम जास्त चांगली, कारण पट्टी दाबून धरली की स्वर टिकतो. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीला तिच्यावाचून अडेल.

तानपुरा लावू नका. सवयीने लावावासा वाटतो, पण एकच षड्ज सतत वाजत राहिला की इथल्या निम्म्या हालचाली चुकीच्या वाटू लागतात. आधार हवाच असेल तर रचनेच्या अगदी शेवटी बेस जिथे थांबतो तो स्वर ऐका, त्याला सा माना, तो गुणगुणत पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

## १. एकच चाल, दोन गळे

सुरुवात कॅननपासून करा. कॅनन म्हणजे एकाने चाल सुरू करायची आणि दुसऱ्याने थोडं थांबून तीच चाल मागून म्हणायची. दोन वेगळ्या चाली लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, म्हणून नवख्या कानाला हे सोपं जातं.

टॅलिसचा कॅनन म्हणून ओळखली जाणारी चाल १५६७ च्या सुमाराला छापलेल्या एका स्तोत्रसंग्रहातली आहे. तिची पहिली ओळ अशी: सा सा नी सा, सा रे रे ग (नी मंद्रातला). दुसरी: सा म म ग, ग रे रे सा. आधी ती स्वतः पाठ करा. मग चार आवाजांचं ध्वनिमुद्रण लावा आणि वरच्या आवाजाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून टेनरमध्ये, म्हणजे वरून तिसऱ्या आवाजात, ती शोधा. तीच चाल खालच्या सप्तकात, मागून येत असते. पहिल्या दोन-तीन वेळा सापडत नाही, हे ठरलेलं आहे. कान पुन्हा पुन्हा वर जातो. उपाय एकच: टेनरबरोबर स्वतः गुणगुणा. गळा जिथे जातो तिथे कान जातो.

मग तेराव्या शतकाच्या मध्याचं ‘सुमर इज इकुमेन इन’ घ्या. रेडिंगच्या मठाशी जोडलेलं हे हस्तलिखित आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. उन्हाळा आला, कोकिळे गा, एवढाच मजकूर. चार जण एकाच चालीत एकामागून एक शिरतात आणि तळाशी आणखी दोघं ‘कुकू’ची छोटी ओळ घोळवत बसतात. कसं गायचं याच्या सूचनाही लॅटिनमध्ये तिथेच लिहून ठेवल्या आहेत: चौघांनी गावं, तिघांपेक्षा कमी नकोत, अगदीच झालं तर दोघं, तळाची ओळ म्हणणारे वेगळे. दुसऱ्याने कुठे सुरू करायचं ते दाखवायला फुलीची खूण आहे.

इथे सहाही आवाज धरायला जाऊ नका. तळातल्या दोघांना धरा. त्यांच्यामुळे सगळं गाणं सा आणि रे या दोन पायांवर झुलत राहतं. ते झुलणं जाणवलं की हार्मनीचा पहिला अनुभव आला.

## २. एकत्र बोलणं आणि आळीपाळीने बोलणं

टॅलिसचं ‘इफ यी लव्ह मी’. चार आवाज, साधारण दोन मिनिटं, १५६५ साली छापलेलं.

सुरुवातीला चौघं एकाच वेळी तेच शब्द उच्चारतात. थोड्याच वेळात, पित्याकडे प्रार्थना करीन या अर्थाचे शब्द येतात तिथे, एक आवाज पुढे जातो आणि बाकीचे त्याच तोंडवळ्याचा तुकडा घेऊन एकेक करून येतात. या दुसऱ्या प्रकाराला इमिटेशन म्हणतात. पुढचं सगळं काउंटरपॉइंट यावर उभं आहे.

काम असं करा. कागदावर चार आडव्या ओळी मारा, वरून सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. शब्दांचा प्रत्येक नवा तुकडा कुठल्या आवाजाने आधी उचलला तिथे ठिपका द्या. पहिल्या खेपेला निम्मे ठिपके चुकतील. स्वरलिपी उघडून दुरुस्त करा आणि पुन्हा ऐका. उत्तरार्ध जसाच्या तसा दोनदा येतो, म्हणून दुसऱ्या वेळी तोच भाग ताडून बघता येतो. अभ्यासाला याहून सोयीची रचना नाही.

हे गाणं इतकं स्पष्ट का, यामागे धर्मकारण आहे. आर्चबिशप क्रॅन्मरने १५४४ साली आठव्या हेन्रीला लिहिलेल्या पत्रात एका अक्षराला शक्यतो एकच स्वर असावा असा आग्रह धरला होता, म्हणजे ऐकणाऱ्याला शब्द कळतील. त्याआधीची इंग्रज पद्धत याच्या अगदी उलट होती. १५०० च्या आसपासच्या ईटन क्वायरबुक या हस्तलिखित संग्रहात एकेका अक्षरावर स्वरांच्या लांबच लांब माळा आहेत. दोन्ही शेजारी शेजारी लावून बघा. टॅलिसने स्वतःला किती आवरून धरलंय ते लगेच कळतं.

## ३. टक्कर आणि सुटका

ही पायरी घाईने ओलांडू नका. सस्पेन्शन कळलं की हे संगीत उघडतं; नाही कळलं तर ते कायम ‘गोड’च राहतं.

हार्मोनियमवर करून पाहा. उजव्या हाताने तार सा दाबा आणि सोडू नका. डाव्या हाताने मध्य ग. दोन्ही छान जुळतात. आता उजवा हात तसाच ठेवून डावा ग वरून रे वर आणा. रे आणि वरचा सा एकमेकांना टोचतात. हीच टक्कर. आता डावा रे वर तसाच ठेवा आणि उजवा सा वरून नी वर उतरवा. टोच गेली. शेवटी डावा सा वर, उजवा परत तार सा वर. मुक्काम.

डावा : ग – रे – रे – सा
उजवा : सां – सां – नी – सां

नीट बघा, वरच्या आवाजाने काहीच चूक केलेली नाही. तो आपल्या जागी उभा होता. खालचा सरकला म्हणून तो खटकणारा ठरला, आणि मग त्याला एक पायरी उतरावं लागलं. आधी जुळलेला स्वर, मग तोच स्वर खटकणारा, मग खाली सुटका. सोळाव्या शतकातली जवळजवळ प्रत्येक ओळ अशाच वळणाने थांबते. थांबण्याच्या या वळणाला कॅडन्स म्हणतात.

करून बघताना दोन चुका हमखास होतात. दुसऱ्या मात्रेला उजवा हात सा पुन्हा वाजवतो. मग ती टक्कर न राहता थप्पड होते. पट्टी दाबलेलीच हवी. दुसरी चूक म्हणजे टक्कर हलक्या मात्रेवर येते. ती जोरकस मात्रेवरच यायला हवी, सुटका हलक्या मात्रेवर. उलट केलंत तर काहीच जाणवणार नाही.

आता बर्डच्या चार आवाजांच्या मासमधला (मास म्हणजे कॅथलिक उपासनेत गायची रचना) शेवटचा भाग, ‘आन्युस देई’, लावा. १५९० च्या दशकात, कॅथलिक उपासनेला इंग्लंडमध्ये बंदी असताना, बर्डने हे मास मुखपृष्ठ न घालता छापले. गायचे तेही घरांमधून, चोरून, मोजक्या लोकांनी. त्यामुळे मोठ्या कॉयरपेक्षा, म्हणजे गायकसमूहापेक्षा, एका आवाजाला एकच गायक असलेलं ध्वनिमुद्रण आधी ऐका. हिलिअर्ड एन्साम्बल या गायकांच्या चमूचं त्या पद्धतीचं आहे. मोठ्या कॉयरचं, घुमटात घुमणारं ऐकायला सुंदर असतं, पण त्या घुमण्यात टकरीच्या कडा पुसल्या जातात.

रचना पायऱ्यापायऱ्यांनी चढते: आधी दोनच आवाज, मग तीन, मग चारही. शेवटचे शब्द ‘दोना नोबिस पाचेम’, आम्हाला शांती दे. तिथे टकरींची साखळीच लागते. एक सुटते ना सुटते तोच दुसऱ्या आवाजात नवी धरलेली असते. पेन्सिलने प्रत्येक टकरीला एक टिंब द्या. मोजणी चुकली तरी चालेल; शांती मागणाऱ्या शब्दांवर बर्डने इतकं टोचणारं का ठेवलं असेल, हा प्रश्न तुमचा तुम्हाला पडेल.

## ४. शुद्ध नी, कोमल नी

इथे हिंदुस्थानी कानाला चक्क आघाडी मिळते. देस किंवा खमाज ऐकलेल्याला माहीत असतं: वर जाताना शुद्ध नी, उतरताना कोमल नी. एकाच रागात दोन्ही, आणि कुणाला खटकत नाही, कारण दिशा वेगळी.

जुन्या इंग्रज रचनाकारांचा विचार याच्याशी मिळताजुळता आहे. फरक एवढाच की त्यांच्याकडे एकाच वेळी एक आवाज वर चाललेला असतो आणि दुसरा खाली. वर जाणारा शुद्ध नी घेतो, उतरणारा कोमल. दोघं आपापल्या चालीशी इमानदार, पण एकत्र ऐकताना ठिणगी उडते. दोन्ही नी लागोपाठ दोन आवाजांत आले तर त्याला फॉल्स रिलेशन म्हणतात. एकाच क्षणी आदळले आणि तेही मुक्कामाच्या तोंडावर, तर इंग्लिश कॅडन्स.

लागोपाठचा नमुना बर्डच्या १६०५ सालच्या ‘आवे वेरुम कॉर्पुस’ मध्ये अगदी सुरुवातीलाच आहे. दुसऱ्याच अक्षरावर सोप्रानो शुद्ध नी घेतो आणि लगेच पुढच्या अक्षरावर बेस कोमल नी वर उतरतो. ‘वेरुम’ म्हणजे खरा. तो एक शब्द उजळ-काळोखा होऊन जातो. हार्मोनियमवर आधी सा-कोमल ग-प, मग प-शुद्ध नी-रे, मग तळाला कोमल नी ठेवून कोमल नी-रे-म असं दाबून बघा. तिसऱ्या दाबाला पायाखालची फळी सरकल्यासारखं होईल.

नवखे ऐकणारे याला छपाईची चूक किंवा बेसूर गाणं समजतात. समजू नका. तसं म्हटलं तर नाकं मुरडणारे तेव्हाही होते. टॉमस मॉर्लीच्या १५९७ सालच्या पाठ्यपुस्तकात गुरू शिष्याला अशाच एका कॅडन्सवरून झापतो: हे शिळं आहे, कुणा म्हाताऱ्या ऑर्गनवाल्याच्या पेटाऱ्यातून चोरलेलं दिसतंय. तरी लोक ते लिहीतच राहिले.

## ५. गोडवा कुठून आला

थोडं मागे जाऊन जॉन डन्स्टेपल (मृत्यू १४५३) ऐका. त्याचं तीन आवाजांचं ‘क्वाम पुल्क्रा एस’ पुरे. त्या काळी युरोपात सा-प आणि सा-म हीच अंतरं भक्कम मानली जात. इंग्रजांनी सा-ग आणि सा-ध या अंतरांना मोकळेपणाने जागा दिली. मार्तां ल फ्रां या फ्रेंच कवीने १४४० च्या सुमारास लिहिलेल्या काव्यात या ‘इंग्रजी ढंगा’चा उल्लेख करून ठेवला आहे. गोव्यात मांडो ऐकलेल्यांना दोन आवाज तिसऱ्या स्वराच्या अंतराने जोडीने चालणं ओळखीचं आहे. तिथलं वळण पोर्तुगीज काळातलं, इंग्रजांशी त्याचा संबंध नाही, पण कानाला बसायला ती ओळख उपयोगी पडते.

## ६. शब्द नकोसे झाले तर

लॅटिनचा कंटाळा आला असेल तर दोन वाटा आहेत.

पहिली मॅड्रिगलची, म्हणजे अनेक आवाजांच्या लौकिक गाण्यांची. टॉमस वील्क्सचं १६०१ मधलं ‘अ‍ॅज व्हेस्टा वॉज’ सहा आवाजांचं आहे. ‘दोन दोन करून’ म्हणताना दोन आवाज गातात, ‘तीन तीन करून’ म्हणताना तीन, आणि ‘एकटी’ म्हणताना एकच. थोडं पोरकट आहे, पण आवाज मोजायला यापेक्षा गमतीची शाळा नाही. ऑर्लंडो गिबन्सचं १६१२ चं ‘द सिल्व्हर स्वॉन’ दीड मिनिटाचं, पाच आवाजांचं. त्यात वरची चाल इतकी सुरेख आहे की तिच्यात अडकायला होतं. अडकलात तर खुशाल अडका, पण तिसऱ्या वेळी बेसबरोबर गा.

दुसरी वाट व्हायोलची. मांडीवर किंवा गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची ही वाद्यं. फ्रेटवर्क या चमूने वाजवलेली पर्सेलची ‘फँटेझिया अपॉन वन नोट’ घ्या. पाच वाद्यांपैकी एक जण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच स्वर धरून बसतो. इथे मात्र तुमची तानपुऱ्याची हौस फिटेल! फक्त लक्षात घ्या, हा धरलेला स्वर सा नाही. बाकीचे चौघं त्याला कधी सा करतात, कधी ग, कधी प. स्वर तोच, हुद्दा बदलतो.

## ७. तळाचं आवर्तन

पर्सेलच्या ‘डायडो अँड ईनिअस’ मधला डायडोचा विलाप. १६८९ च्या सुमाराला हा ऑपेरा लंडनजवळच्या चेल्सी इथल्या मुलींच्या शाळेत झाला, एवढी नोंद आहे. विलापाच्या तळाशी पाच बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट, आपल्या विभागासारखा) एकच बेसची ओळ ११ वेळा फिरते: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प, आणि मग वळसा घेऊन परत सा. याला ग्राउंड बेस म्हणतात.

आधी गायिकेला विसरा. ११ फेऱ्या बोटांवर मोजा. मोजणी बिनचूक आली की मग वरची चाल ऐका आणि बघा, तिचे मुक्काम बेसच्या मुक्कामांवर पडतात का. पुष्कळदा पडत नाहीत. बेसची फेरी संपते तेव्हा ती अजून वाक्याच्या मधोमध असते. ठेक्याच्या समेवरून बंदिशीची ओळ ओसंडून पुढे जावी, तसं. आधीच्या पायऱ्यांवर कुणी पार अडकलं असेल तर त्याने सरळ इथून सुरुवात करायला हरकत नाही.

## ८. चाळीस आवाजांचा मोह

‘स्पेम इन आलिउम’ ही टॅलिसची १५७० च्या आसपासची रचना ४० आवाजांची आहे, पाच-पाच आवाजांचे आठ गट. प्रत्येक यादीत ती वर असते आणि प्रत्येक नवखा तिच्यापासून सुरुवात करतो. करू नका. ४० ओळी कुणालाच वेगळ्या ऐकू येत नाहीत. पहिल्या आठवड्यात ती फक्त एक मोठा ढग वाटते.

सहा-सात आठवड्यांनी मात्र जरूर लावा, आणि ओळी शोधायच्या सोडून जागा शोधा: पहिल्या गटाकडून आठव्याकडे आवाज कसा सरकत जातो, सगळे ४० एकदम कधी येतात, सगळे एकदम कधी गप्प होतात. जॅनेट कार्डिफ या कॅनडाच्या कलाकाराने २००१ मध्ये याच रचनेसाठी ४० स्पीकर उभे केले, एका स्पीकरला एक आवाज. त्यांच्यामधून चालत गेलं की प्रत्येक गळा वेगळा भेटतो. घरी तेवढं जमत नाही, पण हेडफोनवर डावं-उजवं नीट कळतं.

## ९. स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रण जुळत नाहीत तेव्हा

ही तक्रार सगळ्यांची असते आणि बहुतेक वेळा चूक कुणाचीच नसते. मूळ छपाईत चारही आवाज एकाखाली एक नसायचेच. प्रत्येक गायकाची वही वेगळी, आणि तिच्यात बारच्या उभ्या रेघाही नाहीत. त्या रेघा आजच्या संपादकाने घातलेल्या आहेत, म्हणून प्रत्येक रेघेनंतरच्या स्वरावर जोर द्यायला जाऊ नका. पट्टीही संपादक बदलतो. तीच रचना एका आवृत्तीत एका सुरात तर दुसरीत दीड-दोन सूर वर मिळते. स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षरात तीव्र-कोमलाची खूण दिसली तर ती संपादकाची सुचवणूक समजा. गायक ती मानतीलच असं नाही. चौथ्या पायरीतल्या ठिणग्या एका ध्वनिमुद्रणात असतात आणि दुसऱ्यात नसतात, त्याचं एक कारण हेही आहे.

## १०. शेवटची परीक्षा

पर्सेलचं ‘हिअर माय प्रेअर, ओ लॉर्ड’, साधारण १६८२. आठ आवाज, फक्त ३४ बार, अडीच मिनिटांच्या आसपास. साहित्य दोनच तुकड्यांचं: एक जवळजवळ सा वरच अडून राहतो, जेमतेम कोमल ग ला शिवून परत येतो, दुसरा अर्ध्या-अर्ध्या सुराने सरपटतो. सुरुवातीला एकच आवाज, आणि मग थर चढत जातात.

पहिल्यांदा फक्त पहिला तुकडा कुठल्या आवाजात आहे ते धरा. दुसऱ्यांदा फक्त दुसरा. तिसऱ्यांदा टकरींना टिंबं द्या. शेवटाकडे टिंबं इतकी दाट होतात की पेन्सिल मागे पडते. सगळ्यात मोठी टक्कर अगदी शेवटच्या मुक्कामाच्या तोंडावर येते. तिथे ध्वनिमुद्रण थांबवून हार्मोनियमवर ते स्वर दाबायला गेलात तर बोटं पुरणार नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा. पर्सेलच्या हातचं हस्तलिखित केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. या ३४ बारनंतर त्याने पानं कोरी सोडली आहेत, पुढे आणखी लिहायचं असावं तशी.